अंगठ्याखाली कोंडलेलं पाणी

मित्रांनो, मला धार नाही, दांडा नाही, वजन तर नाहीच नाही. गवंड्याच्या पिशवीत थापी चमकते, हातोडा ठणठणतो, ओळंबा दोरीला लोंबकळत मोठा गंभीर चेहरा करतो. मी आपली वेटोळं घालून कोपऱ्यात पडलेली. मी लेव्हलची नळी. पंचवीस फूट लांब, करंगळीएवढी जाड, एके काळी काचेसारखी नितळ आणि आता जुन्या नखासारखी पिवळी. माझ्या पोटात पाणी भरतात. दोन माणसं माझी दोन टोकं दोन भिंतींशी उभी धरतात. मग या टोकाचं पाणी ज्या उंचीवर थांबतं, त्याच उंचीवर त्या टोकाचंही थांबतं. मधे खांब असो, दार असो, नाहीतर अख्खं घर असो. एवढंच माझं काम, आणि एवढाच माझा अभिमान. त्या अभिमानावर एका रविवारी दुपारी कसं बालंट आलं, ते आज तुम्हांला सांगते.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसलेला काशीराम गवंडी. त्याने मोठ्या गुंडाळीतून मला हातावर मापून कापून घेतलं, डोळ्याला लावून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "हिचं पोट साफ हाय." ते माझं बारसं. काशीरामाच्या हाताखाली तेव्हा राजिवड्याचा वजीर काम शिकत होता. विशीतला, सडपातळ, बोलायला चुरचुरीत. एक टोक काशीराम धरायचा, दुसरं वजीर. मला भरताना काशीराम हमखास गुणगुणायचा:

पाणी गं माझी बाई, पाणी कुणाला भुलेना
राजाच्या महाली गं, पाणी वाकडं चालेना

आणि मग ओरडायचा, "वजीर, हालू नको! पाणी निवांत होऊ दे, मंग बोल!"

किती घरं आम्ही उभी केली! लोटे गावच्या कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्या, केळशीच्या वाडीतलं चिऱ्याचं घर, हेदवीतला एक उंच जोता. चौकट नीट बसली की घरमालक काशीरामाच्या पाठीवर थाप मारायचा, आणि काशीराम ती थाप मला द्यायचा. "हिला सांगा शाबास," म्हणायचा. माझ्या पोटातलं पाणी तेव्हा आनंदाने थरथरायचं.

मग वजीर कुवेतला निघाला. काशीरामाने मला गुंडाळून त्याच्या बॅगेत घातलं. "तिकडे सगळी यंत्रं असतील. पण हिला बॅटरी लागत नाय," एवढंच बोलला आणि तोंड फिरवून विडी पेटवायला लागला. विडी त्याच्या हातात उलटी होती.

कुवेतमध्ये खरंच यंत्रं होती. एक ठोकळा मधोमध ठेवला की चारी भिंतींवर लाल रेघ उमटायची. मला पाहून लोक हसले. पण एका उन्हाळ्यात त्या ठोकळ्याने मान टाकली, आणि नऊ खोल्यांच्या एका हवेलीचं काम अडून बसलं. वजीरने मला भरलं. दोन दिवसांत नऊही खोल्यांची रेघ मी मिळवून दिली. तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. त्यानंतर नवे ठोकळे आले आणि मी खिळ्यावर गेले.

त्या हवेलीच्या स्वयंपाकघरासाठी आणलेल्या काही टाइल्स उरल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, आणि त्यांवर निळा वेल, एका टाइलमधून दुसरीत जाणारा. मालक म्हणाला, घेऊन जा. वजीरने ठरवलं, या आपल्या घरी लावायच्या, खुर्शीदच्या ओट्यामागे. खुर्शीद म्हणजे त्याची बायको. पण टाइल म्हणजे दगडच की! विमानात किती नेणार? मग एकेका खेपेला दहा-बारा, चादरीत गुंडाळून, लहानग्या झोयाच्या फ्रॉकांमधे लपेटून. गावचा कुणी निघाला की त्याच्या बॅगेतही दोन. फैझान नावाच्या एकाने तर दोन टाइल्स खजुराच्या डब्यात आणल्या. आठ वर्षांत अडतीस टाइल्स राजिवड्याच्या घरी पोहोचल्या, एकही न फुटता. आणि मी? टाइल्सच्या पहिल्याच खोक्याला दोर कमी पडला म्हणून वजीरने मला त्याभोवती करकचून गुंडाळलं आणि गाठ मारली. पाण्याचं पोट असलेल्या नळीला गाठ! तशीच मी खोक्यासकट माळ्यावर पडून राहिले. पालींनी माझ्यावर अंडी घातली. बरं, तेही चालतं. उपयोगी नसलेल्याला सवय लागते.

गेल्या वर्षी परांचीवर काम करताना वजीरला पक्षाघाताचा झटका आला. तो घरी परतला तो एकटाच. थापी, कटर, लाल रेघेचा ठोकळा, सगळं कुवेतच्या खोलीत राहिलं. त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. बोलणं तर असं झालं, की एकेक शब्द विहिरीतून उपसून काढावा लागे. वय बावन्न. बावीस वर्षं दुसऱ्यांची स्वयंपाकघरं सजवलेला माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहायचा. ओट्याचा ग्रॅनाइट नवा घातला होता, पण मागची भिंत उघडीच होती. टाइल्स लावायला दुसरा गवंडी बोलवू का, असं खुर्शीदने विचारलं की तो मान हलवायचा. नाही म्हणजे नाही.

एका सकाळी घरात कुणी नसताना त्याने डाव्या हाताने एकट्याने पहिली टाइल लावायला घेतली. हात थरथरला. टाइल ओट्यावर आपटून तिचे चार तुकडे झाले. उरल्या सदतीस. भिंतीला लागणार होत्या छत्तीस. आणि तसा वेल आता जगात कुठेच मिळत नव्हता. बनवणं केव्हाच थांबलं होतं.

त्यानंतर अकरा दिवस वजीर बोललाच नाही. व्यायामाचा रबरी चेंडू त्याने खिडकीतून फेकून दिला. जेवायचा, भिंतीकडे तोंड करून निजायचा. डॉक्टर म्हणाले, माणसाने मनातून हात सोडला तर औषध काही करू शकत नाही. खुर्शीद बाराव्या दिवशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, आवाजात धार.

"अवो, ऐकता का? हात माझा, डोळा तुमचा. बोला, कधी करायचं?"

वजीर भिंतीकडून तिच्याकडे वळला. मग विहिरीतून शब्द वर आला. "रविवार."

मित्रांनो, ही भिंत म्हणजे नुसती भिंत नव्हती हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. ती फसली असती, तर हा माणूस पुन्हा बोलला असता की नाही, कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी खुर्शीदने माझी गाठ सोडवली. मी ताठरले होते. तिने मला कोमट पाण्यात घातलं, बाळाचे पाय चोळावेत तसं बोटांनी चोळलं, तेव्हा कुठे मी नरम झाले. मदतीला होती झोया. आता ती चोवीस वर्षांची आहे आणि रुग्णालयाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. टाइल्स कशा लावायच्या याचे तिने फोनवर सात व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे तिचा रुबाब काही विचारू नका.

वजीर दुपारच्या, जोहरच्या नमाजाला आतल्या खोलीत गेला. इकडे झोयाने बाल्दीत टाइल चिकटवायची पावडर कालवलीसुद्धा. गवंडी तिला केमिकल म्हणतात. एकदा पाणी घातलं की तिला थांबणं माहीत नसतं.

"अगो, एवढ्यात कालवलीस?" खुर्शीद ओरडली. "ते आल्याबिगर हात लावायचा नाय असं ठरलंय ना?"

"अम्मी, घट्ट व्हायला लागलं बघ! व्हिडिओवाला सांगतो, भिंतीवर लावल्यावर अर्धा तास. त्यानंतर टाइल हलत नाही, फुटते."

"त्या व्हिडिओवाल्याला विचार, लेव्हल कोण काढणार? त्याचा आजा?"

"तो म्हणतो, खालची ओळ सरळ ओट्यावर टेकवत जायची. ओटा सपाट असतोच."

असतोच! मी कोपऱ्यातल्या परातीत पडल्या पडल्या हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. जगात आपसूक सपाट काहीही नसतं, हे मला इतक्या भिंतींच्या कामाने शिकवलं आहे. पण मला तोंडं दोन असली, तरी आवाज नाही.

आतून नमाजाची पुटपूट येत होती. बाल्दीतलं केमिकल शिऱ्यासारखं दाटत होतं. खुर्शीदने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, एकदा बाल्दीकडे, आणि बाजारातून आणलेली दातांची थापी हातात घेतली. पहिली टाइल बसली. दुसरी बसली. निळा वेल पहिलीतून दुसरीत शिरला. दोघी मायलेकी हरखून गेल्या. तिसरी, चौथी, आणि बघता बघता शेगडीच्या टोकापासून सिंकच्या टोकापर्यंत नऊ टाइल्सची ओळ पुरी झाली. वरच्या ओळीतल्याही चार बसल्या.

खिडकीतून शेजारच्या तुळसाने डोकं आत घातलं. "काय गो खुर्शीद, गवंडीण झालीस? माझ्या मोरीला कधी येतेस?"

"आधी नवऱ्याच्या परीक्षेत पास होऊ दे, मंग तुझ्या मोरीत!"

तुळसा हसत गेली, आणि मागे काठीचा आवाज आला. टक. फरफट. टक. फरफट. वजीर दारात उभा राहिला. खुर्शीदच्या हातातली थापी तिथेच थांबली. त्याने भिंतीकडे पाहिलं. एक डोळा मिटला. मान जराशी डावीकडे कलती केली, अगदी काशीराम करायचा तशी.

"वाकडं," तो म्हणाला.

"नाही अब्बा!" झोयाने हात पुसून फोन काढला, टाइलच्या कडेवर आडवा ठेवला. "हे बघा, फोन शून्य दाखवतोय. शून्य म्हणजे एकदम सरळ."

वजीरने फोनकडे पाहिलंही नाही. "नळी."

माझं नाव! इतक्या वर्षांनी, त्या जड जिभेने, माझं नाव. झोयाने मला परातीतून उचललं. घाईघाईने पाणी भरलं. मी खुर्शीदच्या हातात एक टोक आणि झोयाच्या हातात दुसरं अशी ओट्यावर पसरले. खुर्शीदने आपलं टोक वर उचललं, तसं झोयाच्या टोकातून पाणी भसकन ओल्या ओळीवर सांडलं.

"अगो, दाब, दाब ते टोक! केमिकलमध्ये पाणी जाईल!"

झोयाने पटकन अंगठा दाबला. पाणी थांबलं. आणि मित्रांनो, तिथेच माझा घात झाला.

दोघींनी दोन्ही टोकं शेजारी आणून पाणी कुठे आहे तिथे स्केचपेनने माझ्यावर खुणा केल्या. मग खुर्शीद शेगडीकडे गेली, झोया सिंककडे. दोघींनी आपापली खूण टाइलच्या वरच्या कडेला लावली. पण झोयाचा अंगठा तसाच होता. पाणी पुन्हा सांडू नये म्हणून जास्तच घट्ट. आता मला सांगा, तोंडावर हात दाबलेला माणूस खरं कसं बोलणार? माझ्या पोटातलं पाणी जागच्या जागी खिळलं. अंगठ्याखालची हवा पाण्याला ना वर चढू देत, ना खाली उतरू. जिथे खूण, तिथेच पाणी. टोक उंच धरा, खाली धरा, मी आपलं एकच सांगणार: बरोबर आहे, बरोबर आहे.

"बरोबर आहे!" झोया ओरडली. "अब्बा, दोन्हीकडे खुणेवर! नळीपण सांगते, सरळ आहे!"

वजीरने दुसऱ्यांदा पाहिलं. एक डोळा मिटून, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ मला दिसत होती. फोन खोटं बोलेल, पण नळी? काशीरामाची नळी? त्याने काठी हातात फिरवली.

"डोळा," तो म्हणाला. घसा खाकरला. "डोळा... पण... गेला."

आणि तो खुर्चीकडे वळला.

मी आयुष्यात पुष्कळ भोगलं. गाठ भोगली, पाली भोगल्या, माळ्यावरची धूळ भोगली. पण त्या क्षणासारखं काही नाही. ज्याने मला नऊ खोल्यांत मान दिला, त्याच्याविरुद्ध मी खोटी साक्ष देत होते. आणि भिंतीवर केमिकल मिनिटामिनिटाला दगड होत होतं. अंगठा काढ गो पोरी! मी माझ्या सगळ्या पाण्यानिशी तिच्या बोटाला ढोसत होते. तिला वाटलं, तिचाच हात थरथरतोय. तिने आणखी दाबलं.

वजीर खुर्चीत बसला. तोंड भिंतीकडे नाही, दुसरीकडे.

खुर्शीद माझं टोक धरून तशीच उभी होती. तिची नजर भिंतीवर नव्हती, शेगडीवर होती. कपाळाला आठी.

"झोया," ती हळूच म्हणाली, "ओटा सरळ नाय गो."

"अम्मी, दोन-दोनदा बघितलं ना!"

"माझं घावण बघ. सहा महिने रोज सकाळी घालते. सिंकच्या बाजूला दाट होतं, इकडच्या बाजूला नुसती जाळी. तवा बदलला, शेगडी फिरवून बघितली, घावण तसंच. पाणी सिंककडे जायला उतार ठेवतो, असं तो ग्रॅनाइटवाला बोलला होता मला." तिचा आवाज चढत गेला. "ओट्याला उतार हाय. आणि ओळ ओट्यावर टेकलेली हाय. मंग ही ओळ सरळ दाखवायला नळीला झालंय काय?"

मग खुर्ची करकरली. वजीर काठी टेकून उठला. तो माझ्या कडेकडेने चालत आला, टक, फरफट, टक, फरफट. खुर्शीदच्या हातापासून सुरुवात करून तो माझं एकेक वीत बघत होता, आत बुडबुडा आहे का, कुठे मुडपले आहे का. शेगडी गेली. भांड्यांचा रॅक गेला. तो सिंकपाशी पोहोचला. झोयाच्या मुठीपाशी थांबला.

"अंगठा."

"काय अब्बा?"

"अंगठा... काढ!"

झोयाने अंगठा काढला.

अहाहा! मित्रांनो, मी श्वास घेतला. सिंककडच्या टोकात पाणी सरसर वर चढलं, शेगडीकडच्या टोकात तेवढंच उतरलं, दोन हेलकावे खाल्ले आणि निवांत झालं. खुणेत आणि पाण्यात चांगला बोटभर फरक. एकेका टाइलवर तो केसाएवढाच, फोनला कुठून कळणार! ओळ सिंककडे झुकली होती. कोपऱ्यातून वळून बाजूच्या भिंतीवर जायचा वेल तिथे कधीच जुळला नसता.

"या अल्ला," झोया पुटपुटली. तिने फोनवर वेळ बघितली. "अठरा मिनिटं झाली. अब्बा, पहिल्या टाइलला अठरा मिनिटं झाली!"

तीस मिनिटांतली अठरा गेली. बारा मिनिटं, तेरा टाइल्स. थापीने उचकटल्या तर फुटणार. वजीरच्या तोंडून शब्द निघेना. तो डाव्या हाताने हवेत काहीतरी ओढल्यासारखं करत राहिला. "ग... ग..."

"गरम पाणी?" झोयाने विचारलं.

त्याने जोरात मान हलवली. "ग..."

"गळ!" खुर्शीद ओरडली. "मासे धरायचा गळ! गळाची दोरी पायजे त्यांना!"

ती धावत जाऊन दाराच्या मागून नायलॉनची तंगूस घेऊन आली. वजीरने एक टोक डाव्या मुठीला गुंडाळलं, दुसरं खुर्शीदने घेतलं. टाइल आणि भिंतीच्या मधे दोरी सरकवायची आणि करवतीसारखी ओढायची, एकदा त्याने, एकदा तिने. झोयाने खाली दोन्ही तळवे धरले. पहिली सुटली. दुसरी. त्यांची लय लागली. तो ओढायचा, ती सोडायची. ती ओढायची, तो सोडायचा. बावीस वर्षं ज्यांनी फोनवरच संसार केला, त्या दोघांना मी पहिल्यांदाच एक काम एका दमात करताना बघत होते. नुसता श्वासांचा आवाज आणि ओल्या केमिकलची खरखर. खुर्शीदच्या बोटात दोरी रुतून रक्त आलं. तिने ते साडीला पुसलं आणि पुन्हा ओढलं.

दहा सुटल्या. अकरावीला भिंत सोडवेना. खुर्शीदने जोर लावला, आणि बारीकसा आवाज झाला. टक्. वेलाच्या देठातून तडा गेला.

"छत्तीस," झोया म्हणाली. "अजून छत्तीस आहेत. पुरतील. बरोब्बर पुरतील."

बारावी सुटली. राहिली ती शेगडीकडची, सगळ्यांत आधी लावलेली, सगळ्यांत जुनी. वेळ भरत आली होती. दोरी आत गेली, निम्म्यावर अडली. वजीरच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. त्याने ओढलं. तिने ओढलं. टाइल सुटली, आणि झोयाच्या तळव्यांवर दोन तुकडे येऊन पडले.

पस्तीस.

झोया खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. "माझ्यामुळे. मीच कालवलं. मीच अंगठा लावला." खुर्शीदने नवऱ्याकडे बघायची हिंमत केली नाही. ती सिंककडे तोंड करून थापी धूत राहिली, केव्हाच स्वच्छ झालेली थापी. मी जमिनीवर पडून होते. मला फक्त वजीरचे पाय दिसत होते. मला वाटलं, आता हे पाय वळतील. आता आतल्या खोलीकडे. अकरा दिवस, की अकरा महिने?

वजीरने दोन्ही तुकडे उचलले. जुळवून पाहिले. ओट्यावर ठेवले. मग उघड्या भिंतीवर बोट ठेवून त्याने जागा मोजल्या, एक, दोन, तीन, आणि बोट शेगडीच्या बरोबर मागे थांबवलं.

"पांढरी," तो म्हणाला.

खुर्शीद वळली. "काय?"

"दुकान... जा. साधी. पांढरी. एक."

"अब्बा," झोयाने डोळे पुसले, "पण वेल तुटेल. कोपऱ्यात तरी लावूया, मिक्सर पुढे ठेवला की दिसणार नाही."

"नाय. इथे. शेगडी... मागे."

"अगदी डोळ्यांसमोर?" खुर्शीदचे हात कमरेवर गेले. "आल्यागेल्या सगळ्यांना तेवढंच दिसेल की वो!"

"तेल... उडतं. साधी... पुसायला... बरी."

खुर्शीद एक पाऊल पुढे आली. "बावीस वर्षं दुनियेच्या बायकांच्या शेगड्यांमागे टाइल्स लावल्यात. माझ्या शेगडीचं तेल कधी बघितलंत?"

"आता," वजीर म्हणाला, "बघतो... ना."

खुर्शीद हसली नाही. तिने फक्त पदराने त्याच्या नाकाच्या शेंड्यावरचा घाम पुसला आणि झोयावर ओरडली, "बसलीस काय? स्कूटर काढ!"

मग जे झालं ते माझ्या मनासारखं झालं. दोन्ही टोकं उघडी ठेवून मला धरलं. पाणी निवांत झाल्यावरच वजीरने "हां" म्हटलं. माझ्या खुणेवर लाकडी पट्टी ठोकली, आणि ओळ ओट्यावर नाही, त्या पट्टीवर उभी राहिली. सिंककडे राहिलेली बोटभर फट पांढऱ्या सिमेंटने भरायची असं ठरलं. केमिकल या वेळी वाटीवाटीने कालवलं. झोया दुकानातून साधी टाइल मापात कापून घेऊन आली. तिला खुर्शीदने खालून तळहात दिला आणि वजीरने डाव्या हाताने वरून दाबलं. हात थरथरत होता. पण खाली आधार होता, आणि टाइल जागच्या जागी बसली. कोपऱ्यात वेल वळून दुसऱ्या भिंतीवर गेला तेव्हा बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची अजान होत होती.

मित्रांनो, मी काही पंडित नाही, पोकळ पोटाची नळी आहे. पण एवढं मागते. आमच्यासारख्या मुक्या हत्यारांना गाठ मारू नका. काम झालं की पाणी काढून, सैल वेटोळं करून सावलीत टांगा. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आम्ही काहीतरी वेडंवाकडं बोललो, तर आधी बघा, आमच्या तोंडावर आपलाच अंगठा नाही ना. आणि ज्याचा हात गेला, त्याचा डोळाही गेला असं इतक्या लवकर ठरवू नका. त्यालाही ठरवू देऊ नका.

आता मी दाराच्या मागे खिळ्यावर असते. परवा वजीर आला, डाव्या हाताने मला खाली उतरवलं, आणि न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथली भिंत ओलीने काळवंडली आहे. त्याने एक डोळा मिटून ती पाहिली. मग त्याने हाक मारली. एकेक शब्द उपसून, पण मोठ्याने.

"खुर्शीद! त्या... दुकानात... अजून काय काय... रंग आहेत गो?"

"कशाला?"

"ये. एक टोक... धर."